पेटी का बंद पडते

मी दवाखान्यातून घरी आलो त्याच आठवड्यात ती पेटी कुरियरने आली. दोघांचं स्वागत सारखंच झालं. आमच्या मंडळींनी, म्हणजे नंदाबाईने, मला दारात थांबवून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि पेटी आली तेव्हा तिला हळदकुंकू लावलं. मग आम्हा दोघांना ओसरीवर भिंतीकडेला बसवण्यात आलं आणि घरात फर्मान निघालं की यांना कुणी धक्का लावायचा नाही.

पेटीचं खरं नाव पॉवर स्टेशन. नाव भारदस्त, पण चीज म्हणजे डाळीच्या डब्याएवढी बॅटरी. वर मूठ, समोर आकडे दाखवणारा छोटा पडदा, खाली प्लग लावायच्या जागा आणि दोन्ही अंगांना पंख्याच्या जाळ्या. घरच्या विजेवर ती भरून घ्यायची, उचलून पाण्याकडे न्यायची, आणि वायर न ओढता तिथे दिवे लावायचे. घराच्या खालच्या अंगाला, पवना धरणाला लागून आमचं एक खाचर आहे, तिथे माझ्या धाकट्याने, ओंकारने, तळेगावच्या कंपनीतली नोकरी सोडून तंबू टाकले आहेत. शहरातली माणसं घरचा पलंग सोडून, पैसे मोजून, आमच्या खाचरात जमिनीवर झोपायला येतात. पहिल्या वर्षी मला याचं हसू आवरत नव्हतं. मग मीच शेकोटीजवळ बसून त्यांना एसटीतले किस्से सांगायला लागलो, आणि जाताना माणसं ओंकारला विचारू लागली की पुढच्या खेपेला आबा असतील ना.

मी बजरंग, एसटीत कंडक्टर होतो. वडगाव, कामशेत, पवनानगर, लोणावळा या पट्ट्यात माझा आवाज न ऐकलेला म्हातारा मिळणार नाही. भरल्या गाडीत मागच्या दारापासून पुढच्या बाकापर्यंत एका हाकेत माणसं सरकायची. निवृत्त झाल्यावर म्हैस होती, खाचर होतं, कॅम्प होता, त्यामुळे निवृत्त झाल्याचं मला कधी जाणवलंच नाही.

दिवाळीनंतर छातीत कळ आली. तळेगावला नेलं, स्प्रिंग घातली, डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, "छान आहे सगळं. आता चाला, फिरा, हळूहळू हलक्या कामाला लागा." पण घरात पहिलं वाक्य चिकटून बसलं होतं. दुसऱ्याला कुणी आत येऊ दिलं नाही.

"डाक्टर सगळ्यास्नीच आसं सांगत्यात," नंदाबाई रिक्षात म्हणाली आणि विषय संपला.

मग एकेक काम माझ्या हातातून गेलं. म्हैस सविताकडे गेली. सविता म्हणजे ओंकारची बायको, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. हरभऱ्याकडे ओंकार बघू लागला. बाजारहाट नंदाबाईने घेतला. शेकोटीचे किस्सेसुद्धा बंद झाले, कारण बोलताना मला धाप लागते असं तिला वाटत होतं. धाप लागत नव्हती, मी सोंगाड्यासारखा मधे थांबून लोकांना ताटकळत ठेवायचो. पण हे समजावून सांगणार कुणाला? भर दुपारच्या उन्हात मला स्वेटर, मफलर आणि माकडटोपी घालून खुर्चीत बसवलं जायचं. येणारे-जाणारे विचारायचे, "आबा, लय थंडी हाय का?" मी म्हणायचो, "थंडी न्हाई, शिक्षा हाय."

थोरला राजेंद्र चिंचवडला असतो, कंपनीत आहे. पोरगं गुणाचं आहे, माझ्यावर जीव आहे त्याचा. रोज संध्याकाळी फोन करायचा. "आबा, इकडे या कायमचे. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, सगळं हातात मिळेल. तुम्हाला काहीसुद्धा करावं लागणार नाही." ते शेवटचं वाक्य ऐकलं की मी फोन नंदाबाईच्या हातात द्यायचो. मागे एकदा मी त्याच्याकडे राहून आलो आहे. सकाळी सगळे आपापल्या कामाला जायचे आणि मी गॅलरीत उभा राहून खालच्या बसचे नंबर वाचायचो. मला तिकडे जायचं नव्हतं. सरळ सांगतो, मला भीती वाटत होती. एकदा गेलो की इथे माझ्यावाचून काही अडत नाही हे सगळ्यांना कळेल, मलाही कळेल, आणि मग परत यायला कारणच उरणार नाही.

पण पेटीचं सांगत होतो.

आमच्या घरात उघडी वस्तू चालत नाही. टीव्हीला झाकण आहे, मिक्सरला आहे, फ्रीजच्या मुठीला आहे, रिमोट पिशवीत असतो. पेटी येताच नंदाबाईने जुनं पातळ काढलं आणि तिला मापाचं आवरण शिवलं. खाली लाल झालर, समोर पडदा दिसायला चौकोनी खिडकी. आकडे दिसले की झालं, जाळ्यांचा विचार कुणी केला नाही. पेटी अगदी बाळसेदार दिसायला लागली.

पहिल्याच शनिवारी पाहुणे जेवायला बसले आणि पेटी बंद पडली. दिवे गेले, स्पीकर गेला, सगळ्यांचे मोबाईल चार्जिंगला लावलेले होते तेही लटकले. कुणाच्या तरी ताटात कुणाचा तरी पाय पडला. ओंकारने धावत येऊन हात लावला तर पेटी तव्यासारखी तापलेली. त्याने झालरीसकट आवरण ओरबाडून काढलं. एवढ्यावर थांबला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याने त्याच झटक्यात स्पीकर आणि चार्जिंगचे बोर्डही काढून टाकले. म्हणाला, "लोड जास्त झाला आसंल."

पुढच्या खेपेला पेटीवर नुसते दिवे होते. काही स्वयंपाकाच्या मांडवातले बल्ब आणि तंबूंवरच्या माळा, त्यांचे दिवे मुंगीच्या डोळ्याएवढे. पेटी गार होती, झालर नव्हती, तरी गाण्याच्या भेंड्या रंगात आल्या आणि ती गेली.

"बिचारीला झेपत न्हाई," नंदाबाई म्हणाली. "नवी हाय आजून."

ओंकारने मांडवातले बल्ब काढले. पेटी पुन्हा बंद पडली. मग अर्ध्या माळा काढल्या. तरी तेच. त्याने कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला, तिकडून कुणी पोरगा घाईघाईत म्हणाला, "लोड कमी करून पाहा सर." ओंकारने उरलेल्यातल्या आणखी दोन माळा काढल्या. जेवढं तिचं ओझं कमी करावं तेवढी ती हमखास बंद पडू लागली, आणि जेवढी ती बंद पडू लागली तेवढी सगळ्यांना तिची दया यायला लागली. एका पाहुण्याने जाताना मोबाईलवर लिहून टाकलं, "जागा सुंदर, अंधार फुकट." सविताने ते घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मी हसलो तर ओंकारने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी मफलरमध्ये तोंड घातलं.

अशात जानेवारीअखेरीला इरावती मॅडमचा फोन आला. पुण्याच्या निवृत्त शिक्षिका. शाळेतल्या मैत्रिणी जमवून एक रात्र धरणाकाठी काढायची होती. ओंकारची आजवरची सगळ्यात मोठी बुकिंग. त्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली. "आमच्यातल्या काहींना अंधारात नीट दिसत नाही. दिवे रात्रभर हवेत. जमणार नसेल तर आत्ताच सांगा, मी रागावणार नाही." ओंकार जमेल म्हणाला. त्याच शनिवारी राजेंद्रही मला न्यायला गाडी घेऊन येणार असं ठरलं. नंदाबाईने माझी बॅग भरायला घेतली. भरताना ती माझ्याकडे बघत नव्हती. स्वेटर मात्र मोजून सगळे घातले.

शुक्रवारी दुपारी ओंकारने पेटी अंगणात जांभळाखाली आणून ठेवली आणि तिला एकच बल्ब लावला. "आता बगू, यवढं तरी झेपतंय का." शेजारी माझी खुर्ची ठेवली. ओंकार गाद्या बघायला कामशेतला गेला, आणि नंदाबाई-सविता भाजीला पवनानगरला निघाल्या. निघताना नंदाबाई म्हणाली, "नुसतं बसा. बंद पडली तर बटण दाबा. दुसरं काय करू नगा."

मी नुसता बसलो. पेटीवर एक बल्ब, माझ्यावर एक पेटी. उन्हात जळणाऱ्या बल्बकडे बघत बसण्याइतकं निरर्थक काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. मला डुलकी लागली. जागा झालो तर बल्ब बंद. मी बटण दाबलं, तो लागला. पुन्हा डुलकी, पुन्हा बंद. तेव्हा मला वाटलं, आम्ही दोघं एकमेकांकडे बघून झोपतोय.

आणि मला चहाची तल्लफ आली.

घरात मला सकाळी एकच कप मिळायचा, तोही बिनसाखरेचा. डॉक्टरांनी चहाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, हा नंदाबाईचा स्वतःचा कायदा होता. गॅसला हात लावला तर तिला वासावरून कळतं. पण मांडवातल्या फळीवर पाहुणे विसरून गेलेली विजेची किटली होती, आणि तिच्याशेजारी दोऱ्याला बांधलेल्या चहाच्या पुड्या. असला चहा म्हणजे चहाचा अपमान आहे. पण उपाशी माणसाने किती मिजास करायची?

किटली पेटीला लावली आणि बटण दाबलं. पेटी घुरघुरली. पंखा जोरात फिरायला लागला, पडद्यावरचा आकडा एकदम वर चढला. म्हटलं, बिचारीला एक बल्ब झेपत नाही आणि मी हिच्या डोक्यावर आधण ठेवलं. आता ही जाते आणि तिच्या पाठोपाठ मी. पण पाणी खळखळून उकळलं, किटली आपली आपण थांबली, आणि पेटी ठणठणीत. पडद्यावर टवटवीत आकडे.

चहा पिता पिता मी तिच्याकडे नीट बघितलं. मग मला राहवेना. कोपऱ्यात पडलेल्या सगळ्या माळा आणून लावल्या. मांडवातले बल्ब लावले. स्पीकर लावला आणि त्यावर भजन सुरू केलं. भर उन्हात आमचं अंगण लग्नघरासारखं उजळलं. आणि पेटी चालली! डुलकीपुरतीही थांबली नाही. मी आणखी एक पुडी बुडवली. मग सगळं काढून पुन्हा एकच बल्ब ठेवला आणि या खेपेला जागा राहून पाहिलं. बराच वेळ गेला आणि पेटी मुकाट्याने मिटली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे मी डेपोत आयुष्यभर पाहिलं होतं. गाडी धडधाकट, ड्रायव्हर तयार, पण गाडीत कुणी बसलेलं नसलं की साहेब म्हणायचे, फेरी रद्द.

मी खुशीत उठलो आणि तितक्याच घाईने परत बसलो. कारण हे सांगायचं तर किटली सांगावी लागणार होती. किटली सांगितली की नंदाबाई काय म्हणणार हे मला पाठ होतं. म्हणणार, बघितलं का, पाठ फिरली की हे असं करत्यात, हितं नजर ठेवायला कुणी न्हाई, चिंचवडच बरं. म्हणजे स्वतःच्या हाताने बॅगेची चेन लावून घेण्यासारखं होतं. मी किटली धुतली, फळीवर ठेवली, पुड्यांचे दोरे जांभळाखाली पुरले आणि मफलर गुंडाळून बसलो.

दिवेलागणीला सगळे परत आले. ओंकारसमोरच बल्ब गेला. तो पेटीजवळ उकिडवा बसला.

"एक बल्ब," तो म्हणाला. "एक बल्ब झेपंना हिला. उद्या त्या बायास्नी काय दाखवू, काजवं?" त्याने फोन काढला. "इरावती मॅडमला सांगतो, दुसरीकडं बगा म्हणून. ऐनयेळी त्यांचं हाल नगं."

"आन् पुढं?" सविताने विचारलं.

"पुढं काय! तळेगावची कंपनी हायेच. जुना सायेब घील परत."

त्याचं तोंड बघवेना. हे तंबू टाकताना त्याने कसा एकेक खुंटा ठोकला होता ते मी पाहिलं होतं, माझ्याच हाताने दोर धरले होते. मी चिंचवडला गेलो असतो तर कुढलो असतो, पण गेलो असतो. हा मात्र पुन्हा कंपनीच्या त्या शेडमध्ये उभा राहणार, आणि तो माझ्या चोरट्या चहापायी?

"ठिव तो फोन," मी म्हणालो. "पेटी चालती."

"आबा, आत्ता बंद पडली की तुमच्या म्होरं!"

"एका बल्बवर बंद पडती. किटलीवर चालती."

नंदाबाई सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिचा हात थांबला.

"कंची किटली?"

"ती, मांडवातली."

"त्यात काय व्हतं?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"दोरीवालं," मी म्हणालो.

सविता तोंड दाबून आत पळाली. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, पण ते हसणंच होतं.

"किती येळा?" नंदाबाईने विचारलं.

"ध्यानात न्हाई."

"आख्ख्या गाडीची तिकिटं ध्यानात ऱ्हायची, आन् कप ध्यानात ऱ्हाईना व्हय?" ती म्हणाली. "ऐक ओंकार. ह्यांस्नी हितं एकटं सोडायची सोय न्हाई. म्हणून मी राजूला हो म्हणले."

झालं, चेन लागली. पण आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे मी ओंकारला सगळं सांगितलं. किटली, माळा, स्पीकर, भजन. "आरं, ती दमत न्हाई. तिला पाशिंजर न्हाई म्हणून ती फेरी रद्द करतीया. आपुन एकेक पाशिंजर उतरवत गेलो."

ओंकार ताडकन उठला. मग त्याने कस्टमर केअरचा नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर ठेवला. या खेपेला एक मुलगी होती, आवाजाने ठसठशीत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"सर, बिघाड काहीच नाहीये," ती म्हणाली. "लोड अगदीच कमी असला की मशिनला वाटतं, कुणाला आपली गरज नाही. मग बॅटरी वाचवायला ते आपोआप बंद होतं. ती सवय काढता येते. मी सांगते ते बटण दाबून धरा."

ओंकारने बटण दाबून धरलं. पडद्यावरचं एक छोटं चिन्ह गेलं.

"पण मॅडम, पयल्यांदा तर सगळं लावलेलं असताना बंद पडली."

"तेव्हा वर काही झाकलं होतं का?"

ओंकारने आईकडे बघितलं नाही, हा त्याचा चांगुलपणा. नंदाबाई सूप खाली ठेवून उठली आणि फोनजवळ आली.

"बाई, मी बोलते. झालर मी शिवली व्हती."

"त्यानेच गरम झालं असेल काकू. हवा कोंडली की ते बंद पडतं."

"म्हंजी तिला गार लागू नये, धूळ लागू नये म्हणून पांघरूण घातलं, तर ती गुदमरली?"

"हो काकू."

"आन् मग बिचारीला झेपत न्हाई म्हणून आमी एकेक काम काढून घेतलं, त्येच्यानं ती बंद पडाया लागली?"

"बरोबर."

"मग आता काय करायचं?"

"काही नाही. अंगावर काही घालू नका, हवा लागू द्या. झेपेल एवढं काम देत राहा. अति नको, पण अगदीच रिकामं पण नको."

"टिकंल?"

"वर्षानुवर्षं टिकेल काकू."

नंदाबाईने मान हलवली, जशी काही ती मुलगी समोरच बसली होती. ओंकारने आभार मानून फोन ठेवला आणि माळा आणायला धावला. ती मात्र तिथेच उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी माझ्या सगळ्या थाटात खुर्चीत बसलो होतो, स्वेटर, मफलर, माकडटोपी, सगळं जागच्या जागी. ती जवळ आली. आधी माकडटोपी ओढून काढली. मग मफलर सोडवायला लागली. मी गाठ घट्ट मारली होती, तिला जरा झटावं लागलं.

"आगं, गार वारं सुटलंय," मी म्हणालो.

"लागू द्या," ती म्हणाली.

मग आत जाऊन तिने लसणाची टोपली आणली आणि माझ्या मांडीवर ठेवली. "उद्याला लय माणसं हायेत. समदा सोलून पायजे." वर रिकामी वाटी ठेवली आणि पुन्हा सुपाकडे गेली. मला इतका आनंद झाला की पहिल्या काही पाकळ्या मी सालीसकटच वाटीत टाकल्या.

शनिवारी इरावती मॅडम आणि त्यांच्या मैत्रिणी आल्या. लोणावळ्याहून चिक्कीचे एवढे डबे आणले होते की आम्हाला दुकान टाकता आलं असतं. दिवस मावळायच्या आत ओंकारने सगळ्या माळा, सगळे बल्ब, स्पीकर, चार्जिंगचे बोर्ड, काढलेलं सगळं पेटीला परत लावलं. पेटी चौरंगावर उघडीबोडकी बसली होती, पंखा घुरघुरत होता. डोंगराच्या मागे सूर्य गेला आणि धरणाचं पाणी आमच्या दिव्यांनी चमकायला लागलं. इरावती मॅडम पाण्याकडे बघून म्हणाल्या, "ओंकार, हे असेच राहतील ना?" ओंकारने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बिनघोर ऱ्हावा. फेरी सुरू हाय."

जेवणाला मासवडी आणि चुलीवरच्या भाकरी. भाकरी कमी पडतात आणि माणसं एकदम येतात, हे कुठल्याही पंगतीचं दुखणं. सविता कावरीबावरी झाली. नंदाबाईने चुलीपासून मान वर केली आणि मला म्हणाली, "बगत काय बसलाय? रांग लावा त्यांची."

मी उठलो. इतक्या दिवसांनी घसा खाकरला. "चला, पुढं सरका! तव्यापाशी गर्दी करू नगा! मदी लय जागा हाय!"

त्या सगळ्या एकेकाळच्या हुशार मुली खुदखुदत रांगेत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "आबा, माझ्याकडे सुट्टे नाहीत हो!" मी म्हणालो, "मग अर्धी भाकर." हशा पिकला. मी मधेच थांबलो, त्यांना ताटकळत ठेवलं, आणि कामशेतच्या बाजारची कोंबडी तिकीट न काढता पवनानगरला कशी पोचली तो किस्सा सुरू केला.

तेवढ्यात राजेंद्र आला. गाडी वर रस्त्याला लावून उतरला आणि मला उभा बघून जवळजवळ पळतच आला.

"आई, आबांना उभं कशाला केलंय? धाप लागेल त्यांना. आबा, तुम्ही बसा बघू." त्याने माझा दंड धरला.

नंदाबाईने भाकरी थापता थापता मान वर केली. "राजू, हात लावू नगंस," ती म्हणाली. "चालू हाय, चालू ऱ्हाऊ दे."

राजेंद्रला काही कळलं नाही. त्याने एकदा पेटीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. माझा दंड मात्र त्याने सोडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "आबा, तुम्हाला यायचं नाहीये का? तसं सांगा ना मला."

"राजा, तुझ्याकडं समदं हाय," मी म्हणालो. "पर मला हितं काम हाय."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. लहानपणी शाळा चुकवून माझ्या गाडीत येऊन बसायचा तेव्हा असाच बघायचा. मग त्याने दंड सोडला. "बॅग तर भरली होती ना?" त्याने आईला विचारलं.

"भरलीय की. चुलीमागं हाय, घिऊन जा."

त्याने बॅग उचलली आणि कमरेत वाकला. "एवढं काय आहे यात?"

"इंद्रायणी. नवा तांदूळ हाय. पोरांस्नी घाल."

"आणि आबांचे कपडे?"

"दोरीवर," नंदाबाई म्हणाली. "सकाळी म्हशीला पाण्यावर न्यायचीय त्यांस्नी. उघड्यानं जात्याल व्हय?"

राजेंद्र हसायला लागला. बॅग खाली ठेवून त्याने बाह्या वर केल्या आणि ताटं वाढायला सविताच्या हाताखाली गेला.

मी पुन्हा रांगेकडे वळलो तर नंदाबाईने मागून माझ्या हाताला काहीतरी गरम लावलं. अर्धा कप चहा, दुधाचा, आलं घातलेला. मी घोट घेतला. साखर होती, थोडीशी, पण होती.

"किटलीतला न्हाई ह्यो," ती म्हणाली. "आन् रोज मागू नगा."

काहीतरी बोलावं असं वाटलं, पण मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, कोंबडीचं पुढे काय झालं?" म्हणून मी तो चहा उभ्या उभ्याच प्यायलो, कारण रांग अजून बरीच मोठी होती.